धाव

चाकाचा शोध म्हणजे मानवी बुद्धीचा केवढा मोठा विजय, हे आपण शाळेतील पुस्तकापासून वाचीत आलो आहो. त्या चाकावर जी लोखंडी पट्टी चढवितात, तिची मात्र कोणी फारशी विचारपूस केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मराठीत या पट्टीला 'धाव' म्हणतात. चाकाचे धावणे आणि चाकाची पट्टी या दोहोंना आपल्या भाषेने एकच शब्द दिला आहे. इंग्रजांनी याच वस्तूला 'टायर' म्हटले. त्यांचे कोशकार सांगतात की, पेहराव या अर्थाचा जो 'अटायर' शब्द, त्याचेच हे आखूड रूप होय. म्हणजे त्यांच्या लेखी तो चाकाचा पोशाख, आपल्या लेखी ती चाकाची धाव. एकाच वस्तूकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत. आणि आमच्या मनीषनगरात अलीकडे पहिल्या दृष्टीचा जो अंमल बसला आहे, त्यासंबंधी चार शब्द लिहावे असा आजचा हेतू आहे.

विदर्भातील खेड्यात बंडीच्या चाकाला धाव चढविताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांस आमचे म्हणणे लवकर पटेल. लोहार चाकाचा घेर मोजतो आणि लोखंडी कडे त्या घेराहून किंचित् लहान करतो. अनभिज्ञ माणसाला ही उघड चूक वाटते. मग गोवऱ्यांच्या जाळात ते कडे लाल होईपर्यंत तापवितात. तापल्यावर ते फुगते, सांडशांनी धरून चाकावर चढविता येते, आणि लगेच त्यावर पाणी ओतले की आकसून लाकडाला अशी काही मिठी मारते की, सारे आरे आपापल्या खोबणीत घट्ट बसतात. कडे थोडे मोठे राहिले, तर वैशाखाच्या उन्हात लाकूड सुकते आणि धाव वाटेतच गळून पडते. फाजील लहान झाले, तर त्या मिठीनेच आरे वाकतात. तेव्हा चांगल्या लोहाराची परीक्षा कडे केवढे मोठे यावर होत नसे, ते नेमके किती लहान यावर होत असे. मापाचा हा विवेक त्या निरक्षर कारागिराला होता. तो आपणां सुशिक्षितांस कितपत आहे, हा प्रश्न आहे.

लोखंडाची जागा पुढे रबराने घेतली. हवेने भरलेल्या चाकाचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ साली घेतले. पण त्या काळी मोटार नव्हती, सायकलही धड नव्हती, म्हणून ती कल्पना तशीच पडून राहिली. १८८८ साली बेलफास्ट येथील डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीला बसणारे धक्के पाहून तीच कल्पना नव्याने अमलात आणली. पुढे १९४६ साली फ्रान्समधील मिशेलिन कंपनीने 'रेडियल' टायरचे पेटंट घेतले. त्यात आतील दोरे चाकाच्या आऱ्यांप्रमाणे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात. आज आपल्या मोटारींच्या टायरांवर जो 'आर' दिसतो, तो याच रचनेचा. एका बापाच्या वात्सल्यातून सुरू झालेला हा उद्योग आता आमच्याही दाराशी आला आहे; मनीषनगरातून वर्धा मार्गाने खाली गेले की बुटीबोरीला दुचाक्यांचे टायर करणारा मोठा कारखाना लागतो.

मनीषनगराची कीर्ती पूर्वी दोन गोष्टींसाठी होती: तेथील रेल्वेचे फाटक, आणि त्या फाटकाशी उभे राहून माणसाला जडणारी वैराग्यवृत्ती. पुढे उड्डाणपूल झाला आणि ते वैराग्य संपले. ज्यांनी स्कूटरच्या मापाची फाटके करून घरे बांधली, त्यांच्याच पोरांनी आता पुरुषभर उंचीच्या गाड्या दारात आणून उभ्या केल्या आहेत. या गाड्यांना 'एसयूव्ही' म्हणतात. त्यांचे तोंड अंगणात आणि पाठ रस्त्यावर असते, आणि सोसायटीच्या सभेत पाण्याच्या खालोखाल चर्चा होते ती यांच्याच जागेची. या गाड्यांची निंदा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. आमच्या एकत्र कुटुंबातही तशीच एक आहे. आई, थोरले बंधू, वहिनी, आम्ही उभयता आणि दोन मुले असा सात जणांचा परिवार एका वाहनात मावावा, एवढाच तीमागील विचार होता.

तिचे टायर झिजले तेव्हा हा विषय प्रथम घरात निघाला. टायरच्या खाचांत तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात. खाचेची खोली १.६ मिलिमीटर उरली की ते उंचवटे वरच्या पातळीला येऊन मिळतात आणि टायरचे आयुष्य संपल्याची वर्दी देतात. आमचा पुतण्या मिहानात नोकरीला आहे. गाडी बहुधा तोच चालवितो, म्हणून ही वर्दी त्यानेच आणली. आणि तिच्यासोबत आपली एक इच्छाही आणली.

"काका, टायर बदलायचेच आहेत, तर मोठे टाकू. ह्या गाडीला हे टायर म्हणजे पहिलवानाच्या पायात बाळाचे बूट!"

त्याच्या उपमेला आम्ही गुण दिले. पण उपमा हे प्रमाण नव्हे, हे तर्कशास्त्राचे पहिले सूत्र त्याला ऐकविले आणि आमच्या गाडीच्या टायरवर काय लिहिले आहे ते वाचून दाखविण्यास सांगितले. त्यावर २३५/७० आर १६ असे अक्षर होते. वाचकांपैकी अनेकांनी हे अंक रोज पाहिले असतील, आणि सोनाराच्या खुणेप्रमाणे ते आपल्यासाठी नव्हेत असे समजून सोडूनही दिले असतील. वस्तुतः त्यांत गूढ काहीच नाही. २३५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरांत. ७० ही रिमपासून वर दिसणाऱ्या रबरी भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरांत नव्हे, तर रुंदीच्या शेकडा प्रमाणात. आणि १६ हा आतल्या लोखंडी रिमचा व्यास, तो इंचांत. फ्रेंचांचे मिलिमीटर, व्यापाऱ्याची टक्केवारी आणि इंग्रजांचे इंच अशी तिन्ही मोजमापे एका ओळीत इतक्या सलोख्याने नांदताना आम्ही अन्यत्र पाहिली नाहीत.

हिशेब शाळकरी मुलाला येण्यासारखा आहे. २३५ चे शेकडा ७० म्हणजे १६४.५, वरची आणि खालची अशा दोन भिंतींचे ३२९, सोळा इंचांचे मिलिमीटर ४०६.४; एकूण चाकाची उंची ७३५.४ मिलिमीटर. पुतण्याच्या मनात जो टायर भरला होता त्याचे माप २६५/७० आर १६. शेवटचे दोन्ही अंक तेच, केवळ पहिला बदललेला. "फक्त तीस मिलिमीटर रुंद, काका," असे तो म्हणाला, आणि येथेच बहुतेकांची समजूत घसरते. ७० हा आकडा स्थिर दिसतो खरा, पण तो रुंदीचा शेकडा भाग असल्यामुळे रुंदी वाढली की उंचीही मुकाट्याने वाढते. नव्या चाकाची उंची होते ७७७.४ मिलिमीटर, म्हणजे ४२ मिलिमीटर अधिक; शेकडा पावणेसहाची वाढ. जाणते कारागीर मूळ उंचीपासून शेकडा तीनच्या आत राहावे असे मानतात. त्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट मजल या 'फक्त' शब्दाने मारली होती.

उलट दुसरे एक माप पाहा: २३५/६५ आर १७. येथे रिम इंचाने मोठी झाली, पण रबरी भिंत तेवढीच खाली आली. उंची भरते ७३७.३ मिलिमीटर; मूळ मापापासून दोन मिलिमीटरांचाही फरक नाही. दिसण्यात दोहोंत पुष्कळ अंतर, धावण्यात जवळजवळ मुळीच नाही. एका अंकाने घेतले ते दुसऱ्या अंकाने परत केले. टायरचे अंक हे असे एका कुटुंबातील माणसांप्रमाणे असतात. एकाला वाढवावयाचे तर दुसऱ्याला थोडे सरकावे लागते, आणि कोणीच सरकावयास तयार नसेल, तर भांडण गाडीच्या अंगावर येते.

ते कसे येते, हेही सांगितले पाहिजे. गाडीचा वेगदर्शक काटा रस्ता पाहत नाही; चाकाचे फेरे मोजतो आणि एका फेऱ्याला अमुक अंतर हे त्याला कारखान्यात शिकविलेले असते. चाक मोठे झाले, तरी त्याचे पाठांतर तेच राहते. काट्याची मूळची उणीअधिक चूक बाजूस ठेविली, तर काटा १२० दाखवील तेव्हा गाडी १२७ च्या वेगाने जात असेल. नागपूर ते मुंबई हा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा. तो संपूर्ण तुडविला, तरी गाडीच्या वहीत ६६३ किलोमीटरच जमा होतील. उरलेले अडतीस किलोमीटर गाडी धावली खरी, पण हिशेबात नाही! खाजगी संस्थांच्या जमाखर्चात अशा नोंदी आम्ही पाहिल्या आहेत. मोटारीत त्या नसाव्यात. याखेरीज मोठ्या चाकाला फिरविण्यास इंजिनाला अधिक जोर लागतो आणि थांबविण्यास ब्रेकला अधिक कष्ट पडतात. वळण पुरते घेतले की रबर आतल्या अंगाला घासते. आणि पावसाळ्यात रुंद टायर पाणी कापून जाण्याऐवजी त्यावर तरंगू पाहतो. रुंद टायर म्हणजे जमिनीवर मोठी पकड, ही समजूतही अर्धीच खरी आहे. टायर जमिनीला जेवढ्या जागेत टेकतो ती जागा मुख्यत्वे वरचा भार आणि आतला हवेचा दाब यांवरून ठरते. रुंदीने त्या जागेचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. ती जागा पसरलेल्या पंजाएवढीच असते. घरातील सात माणसे ताशी १२० किलोमीटरांच्या वेगाने अशा चार पंजांवर विसंबून जात असतात.

हे गणित ऐकून पुतण्या निरुत्तर झाला. पण निरुत्तर होणे आणि पटणे यांत अंतर असते. तो म्हणाला, "दुकानात विचारून तर पाहू." आम्ही उभयता गेलो. दुकानदार मोठा लाघवी गृहस्थ. त्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि सांगितले, "बसते ना, सर! आरामात बसते. आतलं प्लास्टिक थोडंसं लागलं, तर कापून देतो जी. कायले चिंता करता?"

'बसते' हा त्याचा शब्द आमच्या मनात रेंगाळला. मराठीत अंगरखा बसतो, दागिना बसतो, संसाराची घडी बसते, गळ्यात सूर बसतो. जे आपल्या जागी स्वस्थ असते, ज्याला तेथून उठावेसे वाटत नाही, ते 'बसले' असे आपण म्हणतो. आता ज्याच्यासाठी दुसऱ्याचे अंग कापावे लागते, ते बसले म्हणावे की घुसले? 'योग्य' हा शब्दही असाच पाहण्यासारखा आहे. संस्कृतातील युज् म्हणजे जोडणे, जुंपणे. त्यापासून तो झाला. जे जुंपण्यास लायक ते योग्य. एकट्या बैलाची योग्यता ठरत नाही. ती जूं, जोडीदार आणि गाडी यांच्या संगतीत ठरते. २६५ चा टायर स्वतः उत्तमच होता, एखाद्या दुसऱ्या गाडीचा तो अलंकारही असेल. परंतु तो थोर असल्याने आमच्या गाडीला योग्य ठरत नव्हता. लग्नाच्या बाजारात छत्तीसांपैकी अठरा गुण जुळले की आपण अक्षता टाकून मोकळे होतो आणि उरलेले अठरा नशिबावर सोपवितो. टायर आणि गाडी यांच्या सोयरिकीत तेवढे औदार्य परवडत नाही.

कायदाही या बाबतीत उदार नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलापासून नोंदणीतील तपशील भिन्न पडेल असा फेरबदल वाहनात करता येत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ निर्णयात स्पष्ट केला. अपघातानंतर विम्याचा दावा मागताना ही बाब आठवणे म्हणजे वरात गेल्यावर मुहूर्त पाहणे होय.

तथापि या साऱ्या विवेचनात एक गोष्ट आम्ही मुद्दाम मागे ठेविली आहे. कारण आमच्या मते खरी निवड तेथे आहे. मापाच्या पुढे टायरवर आणखी एक लहानसा अंक आणि एक अक्षर असते. आमच्या टायरवर ते १०६ आणि एच असे होते. पुतण्याने त्याकडे पाहिलेही नव्हते आणि दुकानदाराने सांगितले नव्हते. हा अंक टायर किती भार वाहील ते सांगतो. १०६ म्हणजे ९५० किलो. १०० असता तर ८००. १०९ असता तर १,०३०. लांबीरुंदीने अगदी जुळे असलेल्या दोन टायरांची वाहण्याची शक्ती अशी भिन्न असू शकते. शिवाय ती शक्तीही हवेचा नेमलेला दाब असेल तरच मिळते. हवा कमी की शक्ती कमी. अक्षर वेगाचे आहे: एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. "आपल्याला कुठे २१० ने जायचंय?" असा प्रश्न पुतण्याने केला, आणि तो अगदी रास्त होता. उत्तर असे की, वेग म्हणजे टायरच्या दृष्टीने उष्णता. जो टायर २१० ची उष्णता सोसण्यास समर्थ केला आहे, त्याला १२० च्या वेगात आणि नागपूरच्या उन्हात श्वास घ्यावयास थोडी जागा उरते.

त्या मे महिन्यात पुण्यास घरचे एक लग्न होते. सात माणसे, बासने, अहेर, आणि विहिणीकडे न्यावयाची संत्रा बर्फी एवढा भार मागच्या चाकांवर येणार होता. नागपुरात त्या दिवसांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. समृद्धी महामार्गावर हलक्या गाड्यांस १२० ची मर्यादा आहे, आणि सरळ रस्त्यावर तो वेग तासन् तास टिकतो. आमच्या टायरचा घेर सुमारे २.३१ मीटर, त्या वेगाने त्याचे सेकंदाला चौदा फेरे होतात. म्हणजे रबराचा प्रत्येक तुकडा सेकंदातून चौदा वेळा भाराखाली चपटा होतो आणि चौदा वेळा पूर्ववत् होतो. या मळण्यातूनच उष्णता उत्पन्न होते. आत हवा कमी असेल तर मळणे वाढते, उष्णता वाढते, आणि कधी तरी भिंत हार खाते. पुष्कळ लोक उन्हाळ्यात टायर फुटेल या भीतीने हवा कमी भरतात. वस्तुतः चालकाच्या दाराच्या चौकटीवर जो दाब लिहिलेला असतो, तो थंड टायरसाठीच असतो. तापमान साधारण सहा अंशांनी चढले की दाब एका पौंडाने चढणार, हे तेथे आधीच धरलेले असते. सकाळी, गाडी हलण्यापूर्वी, तेवढाच भरावा आणि वाटेत टायर तापले म्हणून सोडू नये. हवा सोडून टायर वाचविणे हे जेवण तोडून कामकऱ्याचे बळ राखण्यासारखे आहे.

या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आमच्या घरापासून त्याचे शिवमडक्याचे प्रवेशद्वार फार दूर नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्यास निघालेली एक बस जळाली आणि पंचवीस प्राण गेले. टायर फुटल्याने ते घडले असे पहिल्या बातम्यांत सांगितले गेले. पुढे परिवहन खात्याच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. हा दाखला आम्ही जाणूनबुजून देत आहो. घडले त्याचा दोष टायरवर ढकलणे सोपे असते, कारण टायर साक्ष देत नाही. म्हणूनच ज्याच्या हाती सात माणसे सोपविली आहेत, त्याने निघण्यापूर्वी त्याची साक्ष वाचावी. ती साक्ष त्याच्या अंगावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेली असते.

कोणी म्हणेल की, हा सारा उपदेश कारखानदारापुढे मान तुकविण्याचा झाला. तसे आम्हांस म्हणावयाचे नाही. गडचिरोलीच्या जंगलवाटांनी ज्याला बारमाही जावे लागते, पावसाळ्यात काळ्या कापसाच्या मातीतून ज्याला शेतापर्यंत गाडी न्यावी लागते, त्याची गरज निराळी आणि त्याच्या टायरच्या खाचाही निराळ्या असावयास पाहिजेत. मापे तीच ठेवूनही खोल, खरबरीत खाचांचे टायर मिळतात. ते सडकेवर आवाज करतात आणि लवकर झिजतात, तो सौदा त्याने समजून करावा. उत्पादक स्वतःही पुष्कळदा एकाच गाडीला दोन मापे देतो. त्यांतले कोणतेही घ्यावे. चारही चाकांना शक्ती पोचविणाऱ्या गाडीत मात्र चारही टायर एका उंचीचे ठेवावे, नाही तर त्यांच्यातील भांडणाचा खर्च आतल्या दातेरी चक्रांस सोसावा लागतो. आणि मागे अडकविलेल्या पाचव्या चाकाला विसरू नये. चार टायर एका मापाचे घेऊन पाचवा जुन्या मापाचा ठेवणे म्हणजे घरातील पाहुण्यासाठी कोणाच्याच अंगाला न होणारे धोतर राखून ठेवणे. सारांश, बदल करू नये असे नाही. एक अंक बदलणाऱ्याने बाकीच्या अंकांचे उत्तर द्यावे, इतकेच.

पुतण्याचे मन शेवटी वळले ते आमच्या व्याख्यानाने नव्हे. त्याच्या एका मित्राच्या गाडीला तसेच मोठे टायर बसविलेले होते. दोघांनी रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात दोन्ही गाड्यांच्या टायरांवर खडूची रेघ मारली, खाली फरशीवर दुसरी रेघ ओढली, आणि चाकाचा एक पुरा फेरा होईपर्यंत गाड्या ढकलून अंतर मोजले. भाराखाली टायर थोडा दबतो म्हणून कागदावरच्या हिशेबाहून दोन्ही अंतरे किंचित् कमी भरली. परंतु दोहोंतील फरक चार बोटांहून अधिक आला. "एका फेऱ्याला एवढा फरक!" असे तो स्वतःशीच म्हणाला. अध्यापनाच्या धंद्यात आमचे केस पिकले; विद्यार्थ्याच्या तोंडून असा उद्गार वर्षातून एकदा निघाला, तरी वर्ष सार्थकी लागले असे आम्ही समजतो. तरुण माणसाला आपली गाडी चारचौघांत उठून दिसावी असे वाटते, त्यात काही वावगे नाही. आमच्या तारुण्यात आम्हीही सायकलच्या आऱ्यांत रंगीत मणी ओवीत होतो. मात्र त्या मण्यांच्या भरवशावर आई मागे बसलेली नव्हती.

टायर घेतले ते मूळ मापाचे आणि मूळ भारांकाचे. दुकानदारानेही मनात किंतु न ठेवता ते चढविले, आणि तोल पाहून दिला. पुण्याची खेप यथासांग झाली; तिचे वर्णन करण्यासारखे वाटेत काहीच घडले नाही.

त्यानंतर पुतण्याला एक नवीनच नाद लागला आहे. आवारात उभ्या असलेल्या गाड्यांचे टायर तो येता-जाता वाचीत असतो. टायरवर शेवटी चार अंकांची एक नोंद असते. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. १८१६ याचा अर्थ तो टायर २०१६ सालच्या अठराव्या आठवड्यात तयार झाला. खालच्या मजल्यावरील एक वृद्ध गृहस्थ गाडी फारच थोडी चालवितात. त्यांच्या टायरांच्या खाचा नव्यासारख्या दिसत, आणि ते त्याच टायरांवर नातवंडांना घेऊन शिर्डीस निघावयाचे होते. पुतण्याने त्यांना ती चार अंकांची नोंद दाखविली, रबर न धावताही म्हातारे होते हे समजाविले, आणि भिंतीवरील बारीक भेगा त्यांच्या बोटाला लावून दाखविल्या. आजोबांनी प्रथम खर्चाची कुरकुर केली. मग चष्मा लावून चारही टायर स्वतः वाचले, आणि जाणे आठवडाभर पुढे ढकलले. आठवड्यानंतर गाडी निघाली तेव्हा मागच्या काचेतून दोन लहान हात हलत होते.